‘त्याच्या’ सिनेमाला जाऊ की नको?

पत्र:

ताई, नमस्कार. मी राजेंद्रनगरात राहते. वय ६१, बँकेतून निवृत्त झाले. आमच्या भागात अठ्ठेचाळीस बायकांचं महिला मंडळ आहे, त्याची मी यंदा सचिव. विनोदी रील करणारा एक मुलगा आहे, (इथे नाव होतं). काही लोक त्याला डोक्यावर घेतात, काहींना त्याचं नावही सहन होत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने ‘महाराष्ट्राबाहेरचे मराठी’ म्हणून एक रील केली. डोक्यावरून ओढणी घेऊन इंदूरची काकू झाला आणि ‘मला माहीतच नाही पडलं’, ‘चाय घेऊन घ्या’ असं बोलून त्याने लोकांना हसवलं. माझी सून पुण्याची आहे. तीही हसली. मी स्वयंपाकघरात होते. आता या मुलाचा पहिला सिनेमा येतोय, या शुक्रवारी इंदुरातही लागणार. मंडळातल्या तरुण मुली म्हणतात अख्खा खेळ बुक करू. ज्येष्ठ म्हणतात बहिष्काराचा ठराव करा. सून म्हणते, ‘आई, एक संधी तर द्या.’ अकरा वर्षांचा नातूही मागे लागला आहे. गुरुवारी मंडळाची बैठक आहे. संधी द्यायची म्हणजे झालेलं विसरायचं का? मी काय करू?

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, मग बाकीचं बोलू. सिनेमा पाहायला जा. मंडळाला बरोबर नेऊ नका, आणि झालेलं विसरायला म्हणून तर अजिबात जाऊ नका.

त्या मुलाचं नाव मी पत्रातून काढलं. ते वाचलं की अर्धे वाचक त्याच्या बाजूचे आणि अर्धे विरुद्ध बाजूचे होऊन बसतात, पुढचं कुणी वाचत नाही. आज मला त्याच सवयीबद्दल बोलायचं आहे.

तुमचं पत्र आल्यावर ती रील शोधून दोनदा पाहिली. पहिल्या वेळी मलाही लागलं. ‘माहीत नाही पडलं’ असं माझी आजी म्हणायची, आई म्हणायची, बोलताना मीही म्हणते. होळकरांबरोबर माळव्यात आलेली मराठी जवळजवळ तीनशे वर्षं हिंदी-माळवीच्या शेजारी नांदली. शेजारणीचं बोलणं तिच्या तोंडी बसणारच. पेशव्यांच्या दफ्तरातल्या मराठीत फारसी शब्द पसाभर सापडतात, त्याला कुणी बिघडलेली मराठी म्हणत नाही. आणि आपल्याला हे जास्त का लागतं, तेही मला ठाऊक आहे. शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी, आणि घरात पाऊल टाकलं की आजी दामटून मराठी बोलायला लावायची. इतक्या खटपटीने सांभाळलेल्या भाषेला कुणी मिनिटभरात हसण्यावारी नेलं की पोटात तुटतं. तुमचा राग खरा आहे. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसऱ्या वेळी मात्र मी त्याचे हात पाहिले. पोह्यांवर जीरावण, म्हणजे आपला तो जिऱ्याचा चटकदार मसाला, घालताना आपल्याकडे चमचा कुणी घेत नाही. चिमटीत धरायचं, मनगट फिरवत भुरभुरायचं, आणि पाहुणा ‘बस, बस’ म्हणाला की आणखी एक चिमूट. त्याने ते हुबेहूब केलं आहे. म्हणजे हा मुलगा इंदुरात कुणाच्या तरी घरी पोहे खाऊन गेलाय आणि डोळे उघडे ठेवून खाऊन गेलाय. इतकं दिसूनही त्याने त्यातून काढलं काय, तर एक ओढणी आणि एक क्रियापद! मला राग आला तो या नासाडीचा. पण त्याच क्षणी असंही वाटलं, की ज्याला एवढं दिसतं त्याला पुढचंही दिसू शकतं. त्याच्या सिनेमाबद्दल मला उत्सुकता आहे ती एवढ्यासाठी.

रील कशी चालते ते बघा. पहिल्या दोनतीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. कुणाची ओळख करून द्यायला तिथे सवड नसते, म्हणून आधीपासून ओळखीचे साचे लागतात. कजाग सासू, चिकट पुणेकर, बाहेरगावची बावळट काकू. शिवाय चिडलेला आणि खूश झालेला, दोघेही तिथे एकाच हिशेबात धरले जातात. तुमच्या एखाद्या मैत्रिणीने संतापून खाली लिहिलेल्या चार ओळी आणि तुमच्या सुनेने मैत्रिणींना पाठवलेली तीच रील, दोन्हींनी ती आणखी हजार जणांसमोर गेली. लोकांत दोन तट पडले की तिथे कमाई वाढते. हे कळलं म्हणून त्याचा दोष कमी होत नाही. पण त्या बाजारात पाच वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्या बाजारात जायची इच्छा झाली, तर तिथे तो काय घेऊन येतो हे बघायला हरकत नसावी.

तिकिटाच्या खिडकीवर हे गणित उलटतं. चिडलेला माणूस तिकीट काढत नाही. ज्याने काढलंय तो दोन तास अंधारात बसणार आहे आणि त्याला अंगठ्याने पुढे ढकलता येत नाही. रीलमध्ये सासूही तोच, सूनही तोच, शेजारीणही तोच, ओढणी बदलली की झालं. सिनेमात सासूच्या कामाला रंगभूमीवर तीसतीस वर्षं काढलेली बाई येते आणि विचारते, ‘ही असं का बोलते? हिला घरात कोण विचारतं?’ दिग्दर्शकाला उत्तर द्यावं लागतं. दोन तासांची गोष्ट उभी करायची तर ओढणीखालच्या बाईला नवरा द्यावा लागतो, कसली तरी भीती द्यावी लागते, एखादी रिकामी दुपार द्यावी लागते. हे देता देता पुष्कळदा लिहिणाऱ्याला त्या बाईची माया लागते. आणि ज्याला माया लागत नाही, त्याचं पितळही त्याच दोन तासांत उघडं पडतं.

इंदूरच्या माणसाला यासाठी ख्याल गाणाऱ्या उस्ताद अमीर खाँसाहेबांपेक्षा जवळचं उदाहरण कोणतं देऊ? झूमरा तालाच्या चौदा मात्रा, लय इतकी संथ की नव्या ऐकणाऱ्याला वाटावं गाणं थांबलंय. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, टाळ्या घेणारा प्रत्येक गवई ते अतिविलंबित, अतिसंथ गाणं पेलेलच असं नाही. पेलतो की नाही, ते त्याला विलंबित गाताना ऐकल्यावरच कळतं. त्याच्या जलद तराण्यावरून संथ ख्यालाचा निकाल कुणी लावत नाही.

आपल्या शहराला गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचाही मान मिळाला. रामूभैया दाते इथलेच. पु. ल. देशपांड्यांनी त्यांच्यावर लेख लिहिला तो एका रसिकावरचा लेख आहे. १९४८ साली आजारी कुमार गंधर्व हवापालटासाठी इथून पस्तीसेक किलोमीटरवर देवासला येऊन राहिले. क्षयाने काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. पुन्हा गायला लागले तेव्हा श्रोत्यांत उभी फूट पडली. कुणी म्हणालं हे गाणंच नव्हे, कुणी जीव ओवाळून टाकला. त्या गाण्याची आणि एका रीलवाल्याची बरोबरी मी करत नाही, कधी करणारही नाही. माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते ऐकणारे. बाजूने असोत की विरुद्ध, मत द्यायचं तर मैफलीत जाऊन बसावं लागे. वीस सेकंदांचा तुकडा कुणाच्या खिशात नव्हता.

आता माझ्या घरातलं सांगते. आमच्याकडे दादा कोंडक्यांचं नाव काढायची सोय नव्हती. ‘द्व्यर्थी’ हा शब्द मी पहिल्यांदा बाबांच्या तोंडून ऐकला तो त्यांच्या संदर्भात, आणि अर्थ विचारला म्हणून बोलणीही खाल्ली. बाबांनी दादांचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं सगळं ऐकीव होतं. आणि मी? बाबांचं ते ऐकीव मत वीसबावीस वर्षं माझं म्हणून मिरवत होते. कॉलेजात कुणी दादांचं कौतुक केलं तर नाक मुरडायचे.

मग एकदा मावसबहिणीच्या लग्नाला गेलेलो. रात्री सगळे दमून बसलेले असताना कुणीतरी ‘सोंगाड्या’ लावला. घर पाहुण्यांनी भरलेलं, उठून जाणार कुठे? बसले. १९७१ सालचा, दादांनी स्वतः काढलेला पहिला सिनेमा. लेखन वसंत सबनिसांचं, ज्यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने दादांना घराघरांत नेलं होतं. मला काय दिसलं, तर एक भाबडा नाम्या, त्याला मुठीत ठेवणारी आई, आणि तमाशाच्या फडाची त्याला लागलेली ओढ. ज्याची धास्ती घेऊन बसले होते ते तिथे फारसं नव्हतंच. त्या खोलीत माझ्या आईच्या वयाच्या बायका डोळे पुसत हसत होत्या. मी हसले, आणि लगेच बाबांची आठवण येऊन मला रडू आलं. बाबांना या बायकांत बसून तो सिनेमा बघता आला असता तर, असं वाटत राहिलं.

पुढे मी दादांचे आणखी सिनेमे मुद्दाम पाहिले. त्यांतले काही मला आवडले नाहीत, आजही आवडत नाहीत. पण ते न आवडणं माझं आहे, कुणाकडून उसनं आणलेलं नाही. आणि एक लक्षात घ्या, या ‘सोंगाड्या’लाही पडदा सहज मिळाला नव्हता. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात तो लागू देईनात, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि तो लागला, पुढे गर्दीने चालला. पहिला सिनेमा काढणाऱ्याची अर्धी शक्ती लोकांसमोर पोचण्यातच जाते. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे.

दूरचीही एकदोन नावं सांगते. चार्ली चॅप्लिन १९१४ साली सिनेमात आला तो लाथाबुक्क्यांच्या छोट्या चित्रफिती करत. १९१९ मध्ये त्याचं पहिलं मूल जन्मल्यावर तीन दिवसांत गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने टाकून दिलेल्या एका पोराची गोष्ट हाती घेतली, आणि १९२१ साली ‘द किड’ आला, त्याने दिग्दर्शित केलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. लाथा होत्याच त्यात, पण त्या पोराला पोलीस आणि अनाथाश्रमवाले ओढून नेतात तिथे हसणारा माणूस मी अजून पाहिला नाही. अमेरिकेतलाच बो बर्नहॅम २००६ साली, सोळाव्या वर्षी, घरच्या खोलीत बसून विनोदी गाणी यूट्यूबवर टाकायला लागला. त्यातल्या कित्येक विनोदांवर लोकांनी बोट ठेवलं, पुढे त्याने स्वतःही ठेवलं. २०१८ साली त्याचा पहिला सिनेमा ‘एट्थ ग्रेड’ आला तो एका बुजऱ्या, तेरा वर्षांच्या मुलीचा. तो स्वतः त्यात कामही करत नाही. आणि आपल्या मराठीत निपुण धर्माधिकारी. यूट्यूबवर अमेय वाघबरोबर पाहुण्यांची टर उडवणाऱ्या मुलाखती करणारा हा मुलगा, २०१७ साली ‘बापजन्म’ हा पहिला सिनेमा करतो तो मुलांपासून तुटलेल्या एका बापावर.

ही निवडक नावं आहेत, हे कबूल. फसलेले पहिले सिनेमे कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून ते इथे नाहीत. तुम्ही पाहणार आहात तोही फसलेला असू शकतो, आणि मला त्याची भीतीही वाटते. मिनिटामिनिटाला हशा घ्यायची सवय लागलेला माणूस दोन तास शांतपणे एक धागा धरून बसू शकत नाही. मग सिनेमा म्हणजे एकापुढे एक लावलेल्या शंभर रील होतात. ओळखायची खूण सोपी आहे. मागच्या प्रसंगात अपमान झालेलं पात्र पुढच्या प्रसंगात काही घडलंच नाही असं हसत येतं. कुणाला काही आठवतच नाही. मधेच त्याचे रीलवाले मित्र येऊन डोळा मारून जातात. असं दिसलं, तर तुम्हाला संधी दिल्याचं समाधान आणि सिनेमा वाईट असल्याचं मत, दोन्ही घेऊन घरी येता येईल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. संधी द्यायची म्हणजे विसरायचं का? तुम्ही बँकेत होता, तेव्हा तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. जुन्या थकबाकीची नोंद खात्यावर राहतेच, ती कुणी खोडत नाही. तरी नवा अर्ज आला की पहिल्या पानापासून वाचावा लागतो, आणि मंजूर की नामंजूर ते वाचल्यावर ठरतं. त्याच्या त्या रीलची नोंद तुमच्याकडे राहू द्या. थिएटरात फक्त नवा अर्ज वाचायचा आहे. त्यात तो माफी मागेल अशीही अपेक्षा धरून जाऊ नका. सिनेमा काही माफीनामा नसतो, आणि तशा नजरेने पाहिलंत तर प्रत्येक प्रसंगात तुम्ही तेच शोधत बसाल.

जाईपर्यंत त्याच्या रील पुन्हा बघू नका, लोकांचे शेरे वाचू नका. मंडळाच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते दोन दिवस न उघडता ठेवा. आत फोन बंद. मध्यंतरात कुणी ‘कसा वाटतोय?’ विचारलं तर ‘चालू आहे अजून’ म्हणा. शेवटपर्यंत बसा. इथल्या ‘सानंद’ संस्थेच्या नाटकांना आपण जातो, वर्षातलं एखादं नाटक मुळीच जमत नाही, तरी पडदा पडेपर्यंत बसतोच ना? तेवढंच.

आणि हसू आलं तर आवरू नका. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण पत्र वाचताना वाटलं की तुम्ही तोंड मिटून बसायचं ठरवून जाल. हसलात म्हणून तुमची हार होत नाही. त्याची एखादी ओळ चांगली असेल तर ती चांगली आहे.

पहिल्या सिनेमात काय माफ करावं, याचं माझं एक माप आहे. उत्तरार्ध रेंगाळला, गाणं भलत्या जागी आलं, शेवट दोनदा झाला, एखादा नट ओरडून बोलला, हे सगळं मी सोडून देते. हात बसायला वेळ लागतो. पण ज्याला हसायचं आहे तो माणूस पडद्यावर माणूस म्हणून उभा आहे की नाही, यात मी सूट देत नाही. आपल्यासारखी बोलणारी बाई त्या सिनेमात असलीच, तर तिला एखादं वाक्य असं मिळतं का, की ज्यावर सगळं थिएटर तिच्या बाजूने हसेल? ते बघा. एक जरी असलं तरी मला कळवा, मला फार आनंद होईल. आणि तिला पुन्हा नुसतं ओढणीपुरतंच आणलं असेल, तर तुमचा निकाल काय असेल ते मी आत्ताच सांगू शकते, आणि मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

जायचं नसेल तर न जाण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुखावलेल्या माणसाने तिकीट काढून परत जाऊन बघावं, अशी सक्ती कुणालाही करता येत नाही, सुनेलाही नाही. फक्त मग ‘मी पाहिला नाही’ एवढंच म्हणायचं. ‘भिकार आहे म्हणे’ हे नाही. त्यातल्या ‘म्हणे’ला मी फार घाबरते.

गेलात तर पहिल्याच आठवड्यात जा. शुक्रवारी लागलेल्या सिनेमाचे खेळ सोमवारपासून कमी व्हायला लागतात, आणि महाराष्ट्राबाहेर मराठी सिनेमाला मुळात खेळच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतात. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणजे ‘नाही’. नातवाला नेण्याआधी तिकिटाच्या अ‍ॅपवर प्रमाणपत्र पाहून घ्या. २०२४ पासून यूएचे, म्हणजे मुलांनी आईवडिलांच्या देखरेखीत पाहायच्या सिनेमांचे, तीन भाग झालेत, ७+, १३+ आणि १६+. अकरा वर्षांच्या मुलाला यूए १३+ ला न्यायला कायद्याने मनाई नाही, तो निर्णय आईवडिलांवर सोडलेला आहे. ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, असेल तर मात्र त्याला घरी ठेवावं लागेल. तुमचा नातू या मुलाच्या रील तर कधीपासून बघत असेल, आणि त्यांना असं कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, हेही सुनेशी बोलायच्या यादीत घालून ठेवा.

मंडळाचं थोडक्यात सांगते. अख्खा खेळ घेऊ नका. अठ्ठेचाळीस जणींत ज्या दुखावल्या आहेत त्यांना ‘सगळ्या जातायत’ म्हणून ओढत नेणं बरं नाही, आणि त्या दाटीत कुणालाच स्वतःचं काही वाटत नाही, शेजारणीकडे बघून हसायचं की गप्प बसायचं ते ठरतं. ठरावही करू नका. न पाहिलेल्या सिनेमावर ठराव करून तो वहीत लिहिणं मंडळाला शोभत नाही. त्यापेक्षा बैठकीत विचारा, ती रील पहिल्यापासून शेवटपर्यंत किती जणींनी पाहिली आहे? माझा अंदाज आहे, फार हात वर येणार नाहीत. ज्यांनी पाहिली आणि दुखावल्या त्यांना बोलू द्या, सविस्तर बोलू द्या. बाकीच्या ऐकतील. बैठकीत तेवढं झालं तरी पुष्कळ.

आता ज्यासाठी मी हे पत्र छापायला घेतलं ते. तुमच्या पत्रात तीन शब्दांचं एक वाक्य आहे, ‘तीही हसली’च्या लगेच पुढे. ‘मी स्वयंपाकघरात होते.’ ते वाचून मी कागद खाली ठेवला. या मुलाशी तुमचं भांडण अर्धंच आहे, ताई. अर्धं त्या बाहेरच्या खोलीतल्या हसण्याशी आहे. दोन वर्षं तुम्ही ते हसणं मनात धरून तिच्यासाठी चहा करताय, आणि तिला कदाचित माहीतसुद्धा नाही.

माहीत नसेल तर ‘आई, एक संधी तर द्या’ म्हणताना तुमच्याकडे ती काय मागते आहे, हेही तिला कळलेलं नाही. ती एका सिनेमाबद्दल बोलते आहे. तुम्हाला ऐकू येतं ते वेगळंच. अंधारात तिच्या शेजारी बसायचं, पडद्यावर पुन्हा आपल्यासारखी बाई येणार, आणि ती पुन्हा हसेल का याकडे कान लावून राहायचं. असं बसून जगातला कुठलाही सिनेमा धड बघता येणार नाही. तो मुलगा कितीही चांगला निघाला तरी तुम्ही त्याला न्याय देऊ शकणार नाही, कारण तुमचं सगळं लक्ष शेजारच्या खुर्चीत असेल.

म्हणून आधी तिच्याशी बोला. शुक्रवारच्या आत. थिएटरच्या वाटेवर रिक्षात नको, सिनेमा झाल्यावर त्याचं निमित्त करून तर मुळीच नको. मुलाला मध्ये घेऊ नका, तो दोघींची बाजू घेण्याच्या नादात विषय बुडवेल. दुपारी घर शांत असताना सांगा, ‘त्या दिवशी तू हसलीस ते मी आतून ऐकलं. मला वाटलं, तू मला हसतेस.’ पुढे काही जोडू नका, ‘जाऊ दे, असू दे’ तर अजिबात नको. तिला बोलू द्या. कदाचित ती त्या पोराच्या ओढणीला हसली असेल. कदाचित खरंच तुमच्या बोलण्याला हसली असेल, आणि आज तिला त्याची लाज वाटत असेल. पुण्याहून परक्या गावात आलेली मुलगी आहे, इथली बोली पहिल्यांदा कानावर पडली ते दिवस आठवून सुटलेलं ते हसू असेल, तुमचा संबंधच नसेल. मला सांगता येणार नाही. तिलाच येईल.

आणि तिच्याशी बोलताना मराठी जपून वापरू नका. ‘मला तेव्हा माहीत नाही पडलं काय बोलू ते’ असं तोंडात आलं तर तसंच बोला.

त्या मुलाला काही सांगायचं असेल तर सिनेमा पाहून आल्यावर वेगळं लिहा. जीरावणाचे हात बरोबर जमलेत हेही लिहा, आणि भाषेचं काय लागलं तेही. तीनशे वर्षांचं एका पानात बसवा, तुम्हाला जमेल, तुमचं पत्र नेटकं आहे. तो उत्तर देईल की नाही, यावर काही अवलंबून ठेवू नका.

शनिवारचा दुपारचा खेळ असेल तर तो घ्या, तिकिटं सुनेला काढू द्या. आणि गुरुवारी बैठकीत सगळ्या जणी ‘सचिवबाई, तुमचं काय म्हणणं?’ असं विचारतील तेव्हा एवढंच सांगा, ‘मी आणि माझी सून शनिवारी बघून येतो, मग बोलू.’